आत्मकथनातील खासगीपण आणि सांगण्याचे दंडक

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात टेंभली हे एक लहानसे गाव आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत ‘आधार’ या ओळखक्रमांकाच्या वाटपास देशात प्रथम प्रारंभ झाला तो या गावी. बोटांचे ठसे आणि बुबुळांच्या प्रतिमा देऊन हा क्रमांक मिळविणारे पहिले नागरिक याच गावचे. पुढे २०१२ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी या योजनेस सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले, आणि त्यातून उपस्थित झालेल्या मूलभूत प्रश्नावर नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखाने असा निर्णय दिला की, खासगीपण हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग होय. २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने ती योजना काही मर्यादा घालून वैध ठरविली. अशा रीतीने शहादा तालुक्यातील एका गावाचे नाव खासगीपणाच्या भारतीय इतिहासाशी कायमचे जोडले गेले.

या इतिहासाचा साहित्याशी काय संबंध, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होईल. टेंभलीच्या प्रकरणात माहिती घेणारे शासन होते आणि देणारा नागरिक होता. दोन पक्ष निराळे व स्पष्ट होते. आत्मकथनात माहिती देणारा आणि ती जाहीर करणारा एकच असतो. तेव्हा तेथे कोणाच्या हक्कास बाध येणार, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. परंतु माणसाचे आयुष्य त्याच्या एकट्याच्या मालकीचे कधीच नसते. जो स्वतःविषयी लिहितो तो आईविषयी, नवऱ्याविषयी, बायकोविषयी, भाऊबंदांविषयी, गल्लीविषयी आणि जातीविषयी लिहीतच असतो, आणि त्यांपैकी कोणाचीही त्याने परवानगी घेतलेली नसते. स्वतःचे दार उघडताना शेजाऱ्याचीही खिडकी उघडली जाते. आत्मकथनाच्या नीतीचा आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, त्याच्या कलेचाही खरा प्रश्न येथे आहे.

कायद्याने या प्रश्नास स्पर्श केला आहे, पण तो तडीस नेलेला नाही. १९९४ मध्ये तमिळनाडूतील एका मृत्युदंड झालेल्या कैद्याचे आत्मचरित्र एका तमिळ नियतकालिकाने छापावयास घेतले असता जो वाद झाला, त्या राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, व्यक्तीचे कुटुंब, विवाह, मातृत्व, शिक्षण इत्यादी बाबींविषयी तिच्या संमतीवाचून कोणालाही काही प्रसिद्ध करता येणार नाही, मग तो मजकूर खरा असो वा खोटा, स्तुतीचा असो वा निंदेचा. मात्र जे सार्वजनिक दप्तरात नमूद आहे त्यास ही अट लागू नाही. हे सूत्र शब्दशः अमलात आणले तर जगातील एकही चांगले आत्मचरित्र निर्दोष ठरणार नाही. २०२३ चा व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा याच्या उलट टोकास जातो. जी माहिती संबंधित व्यक्तीने स्वतःच जाहीर केली आहे तिला तो लागू नाही. म्हणजे स्वतःच्या माहितीपुरता लेखक मोकळा, आणि इतरांच्या बाबतीत तो सदैव अपराधी. या दोन टोकांच्या मधली सगळी जमीन लेखकाच्या विवेकावर सोडलेली आहे. तेथे लेखक स्वतःपुरते काही दंडक घालून घेतो. हे दंडक तो कोठे लपवितो, कोठे बोलून दाखवितो आणि कोठे मोडतो, हे पाहणे समीक्षेचे काम आहे.

‘खासगी’ हा शब्दच या बाबतीत बोलका आहे. मराठेशाहीच्या कागदपत्रांत ‘खासगी’ म्हणजे सरदाराची वा राजघराण्याची स्वतःची मिळकत, दौलतीच्या हिशेबापासून वेगळी ठेवलेली. होळकरांच्या खासगीची आठवण इंदूरकडे अद्याप शिल्लक आहे. या अर्थाने पाहता खासगी ही ऐपतवाल्याची वस्तू होती. ज्याला वाडा नाही, दोन चौक नाहीत, माजघर नाही, त्याला खासगी कोठली? गरिबाच्या घरातले सारे अंगणात आणि अंगणातले गावात. सामान्य माणसासाठी मराठीने वेगळे शब्द राखून ठेवले आहेत : भीड, संकोच, मर्यादा, अब्रू. हे शब्द हक्काचे नव्हेत, वर्तनाचे आहेत; आणि त्यांचा भार सहसा ज्याचे उणे आहे त्याच्यावर पडतो, ज्याने उणे केले त्याच्यावर नव्हे. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण याच व्यवस्थेची. ‘आपलेच दात, आपलेच ओठ’ ही तिच्याहून अवघड, कारण तीत चावणारा आणि चावला जाणारा एकाच तोंडातले आहेत. मराठी आत्मकथनाची सारी अडचण या दुसऱ्या म्हणीत सामावली आहे.

मराठी समीक्षेने मात्र आत्मचरित्राचे मोल ठरविताना दीर्घकाळ एकच माप वापरले : प्रांजळपणा. लेखकाने किती सांगितले, किती धीटपणे सांगितले, स्वतःचे दोष कितपत कबूल केले, यावर ग्रंथाची प्रत ठरविली गेली. हे माप टाकाऊ नाही. आत्मगौरवाने भरलेल्या चरित्रांच्या रांगा पाहिल्या म्हणजे त्याची आवश्यकता पटते. परंतु ते अपुरे आहे. प्रांजळपणा हा केवळ सांगणाऱ्याचा गुण आहे. कोणाविषयी सांगितले आणि कोणाला उद्देशून सांगितले, हे दोन प्रश्न त्यात येतच नाहीत. यांपैकी दुसरा प्रश्न निर्णायक ठरतो, कारण काय सांगावे याचा दंडक समोर कोण ऐकत आहे यावरून बसतो.

शिऊरच्या संत बहिणाबाईंचे उदाहरण घ्यावे. सतराव्या शतकातील या कवयित्रीने आपल्या आत्मनिवेदनपर अभंगांत पतीने केलेल्या मारहाणीचा उल्लेख केला आहे. कोल्हापुरास कीर्तन व तुकोबांची भक्ती यांपायी जे सोसावे लागले ते तिने लपविले नाही. कुलीन ब्राह्मण घरातील स्त्रीने नवऱ्याचा हात उठल्याची गोष्ट पद्यात बांधावी, हे त्या काळाच्या मर्यादेच्या कल्पनांशी जुळणारे नाही. तरीही ते घडले, आणि त्याने कोणी विटल्याचे दिसत नाही. कारण उघड आहे. निवेदन देवापुढे आहे. देवापुढे बोललेले चव्हाट्यावर बोललेले ठरत नाही. भक्त मंडळी ते ऐकतात खरी, पण ओसरीत बसून ऐकतात. शिवाय त्याच निवेदनात पतिसेवेचा स्वीकारही आहे, त्यामुळे तक्रारीला फिर्यादीचे रूप येत नाही. दंडक आहे, मात्र तो अभंगाच्या घाटातच विरघळून गेल्याने वेगळा जाणवत नाही.

श्रोतृवर्गाच्या दंडकाचे त्याहून जुने व टोकाचे उदाहरण महानुभाव पंथाचे आहे. चक्रधरांच्या निर्गमनानंतर म्हाइंभटाने ज्यांनी ते पाहिले, ऐकले त्यांच्याकडे जाऊन आठवणी गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. साध्या, दैनंदिन, कधी कधी अगदी घरगुती अशा त्या आठवणी आहेत. पुढे पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले, ते विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाहेरच्यांना वाचता आले नाहीत. मजकुरास कात्री लावण्यापेक्षा वाचकास कुलूप लावणे पंथाने पसंत केले, असे याचे वर्णन करता येईल. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ पाचएकशे वर्षे खासगी राहिला, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात नोंदली जाते, पण तिच्यामागील दंडकाचा विचार फारसा होत नाही.

मुद्रणाने ही कुलपे काढून टाकली. छापील पुस्तकाचा वाचक कोण, हे लेखकास ठाऊक नसते. ओसरी संपते आणि चव्हाटा सुरू होतो. यामुळे आधुनिक मराठी आत्मकथनकारास हरवलेला श्रोता पुन्हा निर्माण करावा लागला. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. खानदेशात, अमळनेरच्या शाळेत, त्यांनी त्यापूर्वी अध्यापन केले होते. त्या पुस्तकातील बेचाळीस रात्री म्हणजे आश्रमातील प्रार्थनेनंतर स्नेह्यांपुढे केलेले कथन होय. पांडुरंगाचा श्याम झाला आणि वाचकाचा मित्र झाला. एवढ्या दोन योजनांनी घरच्या दारिद्र्याची, अपमानांची आणि स्वतःच्या लहानपणच्या चुकांची कथा सांगण्याचा अधिकार सिद्ध झाला. या चौकटीकडे नुसती भाबडी सजावट म्हणून पाहणे योग्य नव्हे. आईच्या आयुष्यातले दैन्य परक्यापुढे मांडताना मुलाला जी भीड वाटते, तिची ती सोय आहे. हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) हे नाव त्यांच्या गाजलेल्या चित्रपटावरूनच आले असले तरी त्यातही ऐकणाऱ्यास हाक आहे, आणि ती हाक नसती तर त्या कथनाला येणारा बेडरपणा एवढा सुसह्य झाला नसता.

रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या ग्रंथाच्या नावातच दोन दंडक आहेत : ‘आमच्या’ आणि ‘काही’. शिक्षणापायी घरातील वडील स्त्रियांकडून झालेला जाच त्यात आहे, पण तो सोसण्याच्या अंगाने आहे. आणि पतीविषयीच्या आदराने सगळ्यांस सावरून घेतले आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. त्यांची वाट निराळी. वडिलांचे सोवळ्याचे वेड, टिळकांचा तापटपणा, त्यांची विसराळू उदारता, धर्मांतरानंतरची ताटातूट, यांतले काहीही त्या झाकत नाहीत. पण हसताना प्रथम स्वतःस हसावयाचे, हा त्यांचा अलिखित नियम जवळपास कोठेही मोडलेला नाही. ज्याने स्वतःस आधी उघडे केले त्याला दुसऱ्याविषयी बोलण्याचा काही एक हक्क प्राप्त होतो. ‘स्मृतिचित्रे’ची टवटवी तिच्या भाषेत आहे हे अनेकांनी सांगितले आहे. ती या न्याय्य वाटपातही आहे, हे सांगणे राहून गेले.

१९७८ मध्ये दया पवार यांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले आणि प्रश्नाचे स्वरूपच पालटले. आता लेखक एका घराचे नव्हे, एका समाजाचे उणे सांगत होता. आणि ज्यांच्यामुळे ते उणे उत्पन्न झाले तेच त्याचे बहुसंख्य वाचक होते. कावाखान्यातील जीवन, महारवाड्यातील दैन्य, जवळच्या माणसांची व्यसने व लाचारी, हे सारे त्यात आले. सुशिक्षित दलित वाचकांपैकी काहींना हा ग्रंथ लाजिरवाणा वाटला, कष्टाने मागे टाकलेले लेखक पुन्हा का उकरतो, असे त्यांनी विचारले. या आक्षेपाची संभावना पुष्कळदा ‘न्यूनगंड’ म्हणून केली जाते. ते अन्यायाचे आहे. वरच्या जातींतील लेखकाने आपल्या बापाचे व्यसन सांगितले तर ते त्या बापापुरते राहते. दलित लेखकाने सांगितले तर वाचक ते जातीच्या खात्यावर मांडतो. खासगीपणाची वाटणी समाजात समान नाही, हेच त्या आक्षेपकांना आपापल्या परीने म्हणावयाचे होते.

पवारांनी या अडचणीला दिलेले उत्तर ग्रंथाच्या आरंभीच आहे. तेथे कथन करणारा दगडू मारुती पवार आहे आणि ऐकणारा दया पवार, म्हणजे एकाच माणसाची दोन नावे समोरासमोर बसविली आहेत. या योजनेचा खुलासा बहुधा दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वाच्या भाषेत केला जातो. तो बरोबर आहे, तथापि एवढ्याने भागत नाही. दगडूला ऐकावयास दया पवार मिळाला, म्हणजेच परक्या वाचकापूर्वी एक आपला श्रोता मिळाला. सांगणारा अद्याप वस्तीतला आहे, ऐकणारा तेथून उठून कचेरीत व सभांत गेलेला आहे. आणि शरम या दोघांच्या मध्ये आहे, वाचकाच्या दरबारात नाही. वाचक त्यांचे बोलणे बाजूस बसून ऐकतो. न्यायाधीशाच्या खुर्चीवरून त्यास असे हळूच उठविले आहे.

मात्र हा दंडक स्वतःपुरताच पुरा पडतो. ग्रंथात पहिल्या विवाहाचा, संशयाचा आणि मोडलेल्या संसाराचा जो भाग आहे तो वाचताना हे लक्षात येते. लेखक स्वतःस दोष देतो, स्वतःवर चिडतो. परंतु ज्या स्त्रीविषयी तो संशय होता तिला दुसरे नाव नाही, तिच्यासमोर बसून ऐकणारे कोणी नाही. स्वतःसाठी दोन खुर्च्या आणि तिच्यासाठी एकही नाही. प्रांजळपणाच्या मापाने हा भाग ग्रंथातील सर्वांत धीट ठरेल. इतरांच्या खासगीपणाच्या मापाने तो सर्वांत उणा आहे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि समीक्षेने त्यांपैकी एकाची निवड करण्याचे कारण नाही.

या संदर्भात बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक वेगळ्या लक्षाने वाचावयास हवे. फलटणच्या या लेखिकेचे कथन प्रथम ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये ग्रंथरूपाने निघाले. त्यात महारवाड्यातील सुनांचा छळ आहे, उपासमार आहे, अंगात येणे आहे, बाळंतपणातील हाल आहेत, आणि बाबासाहेबांच्या शब्दाने जागे झालेले गाव आहे. पण लेखिकेचा स्वतःचा संसार त्यात जवळजवळ नाही. २००८ मध्ये माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला, त्यास जोडलेल्या मुलाखतीत बेबीताईंनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, हे लेखन त्यांनी वीस वर्षे नवऱ्यापासून व घरच्यांपासून दडवून ठेवले होते. दुसरी, नवऱ्याचा संशय आणि मारहाण त्यांनाही चुकलेली नव्हती. मग ते पुस्तकात का नाही, या प्रश्नावर त्यांच्या उत्तराचा आशय असा की, ते त्या काळी बहुतेक बायकांच्या वाट्याचेच होते आणि त्यांना लिहावयाचे होते ते समाजाने काय सोसले याविषयी.

हे उत्तर सहज वाचून पुढे जाण्यासारखे नाही. एका बाजूने पाहता ती माघार आहे : चळवळीच्या कथेत घरातील पुरुषाचे वर्तन आले तर शत्रूच्या हाती कोलीत मिळेल, या भीतीने स्त्रियांनी अनेकदा तोंड मिटले आहे. दुसऱ्या बाजूने पाहता ते कलेचे बळ आहे. ‘आमुचं’ हे सर्वनाम लेखिकेने शेवटपर्यंत पेलले. ‘माझं’ मधे घुसले असते तर सुनांच्या छळाची ती सामुदायिक चित्रे एका बाईच्या फिर्यादीचे पुरावे झाली असती. शिऊरच्या बहिणाबाईंनी तीनशे वर्षांपूर्वी जे सांगितले ते फलटणच्या बेबीताईंनी छापील पानावर सांगितले नाही, यात धीटपणाचा वाढावा वा ऱ्हास शोधणे व्यर्थ आहे. पहिलीचा श्रोता देव होता. दुसरीच्या श्रोत्यांत तिच्या समाजाकडे बोट दाखवावयास टपलेले लोक होते. आणि तरीही, दडवून ठेवलेल्या त्या कागदांचा विचार केला असता मनात येते की, घरात ज्या स्त्रीला लिहिण्यापुरतेही खासगीपण नव्हते, तिने पुस्तकात नवऱ्याचे खासगीपण मात्र राखले. हा हिशेब कोठेतरी चुकला आहे. तो चुकविणारी लेखिका नव्हे.

सुनीता देशपांडे यांच्या ‘आहे मनोहर तरी’ने (१९९०) नेमका हा हिशेब मांडावयाचे ठरविले. पु. ल. देशपांडे तेव्हा हयात होते, महाराष्ट्राचे लाडके होते, आणि त्यांच्या घरातील माणूस त्यांच्याविषयी आदराबरोबरच तक्रारही लिहीत होते. पुष्कळ वाचक दुखावले. वस्तुतः ज्याच्याविषयी लिहिले तो जिवंत, जाणता आणि उत्तर देण्यास समर्थ आहे, तोच काळ असे लिहिण्यास सर्वांत न्याय्य म्हटला पाहिजे. मृताविषयी लिहिणे सोपे असते. त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. या कारणाने, ग्रंथातील काही पृष्ठांवर आत्मपरीक्षणापेक्षा आत्मसमर्थन अधिक आहे हे मान्य करूनही, त्याच्या नैतिक बाजूविषयी फारशी शंका राहू नये.

शंका राहते ती त्याच लेखिकेशी संबंधित दुसऱ्या प्रकरणी. जी. ए. कुलकर्णी हे मराठीतील अतिशय संकोची लेखक. धारवाडला राहावे, सभासमारंभ टाळावे, ओळखदेख पत्रांतून राखावी, असा त्यांचा क्रम होता. १९८७ मध्ये ते वारले. १९९५ पासून त्यांची निवडक पत्रे खंडशः प्रसिद्ध झाली. त्यांतील पहिला खंड सुनीताबाईंना लिहिलेल्या पत्रांचा आहे. सुनीताबाईंची त्यांना गेलेली पत्रे ‘प्रिय जी. ए.’ या नावाने २००३ मध्ये निघाली. या पत्रांनी मराठी गद्य श्रीमंत झाले, यात वाद नाही, आणि कथांच्या अभ्यासकास ती टाळता येणार नाहीत. परंतु पत्र हे एका माणसासाठी लिहिलेले असते. ज्याने आयुष्यभर श्रोता निवडून घेतला त्याच्या पाठीमागे श्रोत्यांची दारे सताड उघडली गेली. ‘निवडक’ या विशेषणात कोणीतरी निवड केली असे गृहीत आहे. ती कोणत्या दंडकाने केली, काय वगळले आणि कोणाच्या भिडेखातर वगळले, हे संपादनाच्या शिस्तीत सविस्तर सांगितले जावयास हवे, अशी अपेक्षा वाचकाने धरणे गैर नव्हे. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी यांची गाणीही त्या १९५१ मध्ये वारल्यानंतर, १९५२ साली पुस्तकरूप झाली. पण शेतात व घरोट्यावर म्हटलेले गाणे चारचौघींच्या कानी पडलेलेच होते. पत्राचे तसे नाही.

येथवरचा विचार लिहिणाऱ्यांविषयी झाला. ज्यांच्याविषयी केवळ लिहिले गेले त्यांची गोष्ट नंदुरबारकडे परत घेऊन जाते. १८८० मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशविषयक खंड निघाला. आजचा नंदुरबार जिल्हा, जो १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला, तो त्या काळी खानदेशातच होता. भिल्लांचे विवाह, देवदेवस्की, खाणेपिणे, त्यांचा ‘स्वभाव’, यांचे वर्णन त्या खंडात अधिकाराच्या स्वरात केलेले आहे. वर्णिलेल्यांपैकी कोणालाही ते वाचता येणार नव्हते, आणि वर्णन करणाऱ्याने तशी कल्पनाही केली नव्हती. महाराष्ट्रातील सरदारास ‘खासगी’ होती, ब्राह्मण गृहिणीस मर्यादा होती, दलित लेखकास निदान शरमेचा अधिकार होता; सातपुड्यातील माणूस मात्र पहिल्यापासून दप्तरातील नोंद होता. टेंभलीत बोटांचे ठसे घेतले गेले ते या जुन्या दप्तराचे नवे पान होते, असे म्हटले तर ते सर्वस्वी अतिशयोक्तीचे होणार नाही. शिधा, शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन यांसाठी ओळखीचा कागद गरिबाला हवा असतो, ही दुसरी बाजू अर्थात नजरेआड करता येत नाही.

शहादे परिसरातील श्रमिक चळवळीतून पुढे आलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांच्या ‘स्टेज’ या कवितेचा येथे उल्लेख आवश्यक आहे. ‘गोधड’ (१९८७) या संग्रहामुळे ते परिचित झाले. आदिवासींचे दुःख आदिवासींनाच सांगणारे लोक व्यासपीठावर आणि ते दुःख भोगणारे खाली बसलेले, ही त्या कवितेतील परिस्थिती आहे. तिचे वाचन प्रतिनिधित्वाच्या अंगाने भरपूर झाले. खासगीपणाच्या अंगाने ती अधिक बोचते : दुःख हीसुद्धा एक मिळकत आहे आणि तिचा परस्पर विनियोग होत आहे, अशी ती तक्रार आहे. राजगोपाल खटल्यातील स्तुतीचा असो वा निंदेचा हा भाग येथे ध्यानात घेण्यासारखा आहे. व्यासपीठावरचे लोक निंदा करीत नव्हतेच.

भिलोरी, पावरी, देहवाली भाषांतील गाणी व कथने गोळा करण्यासाठी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत जाणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यापुढे हा प्रश्न आता प्रत्यक्ष उभा आहे. काठीच्या राजवाडी होळीत हजारोंसमोर म्हटलेले गाणे आणि चुलीपाशी पाहुणीला विश्वासाने सांगितलेली हकीकत, ही दोन्ही ध्वनिमुद्रणात सारखीच दिसतात. प्रबंधाच्या परिशिष्टात ती एकाच अनुक्रमाने छापली जातात. म्हाइंभटाच्या काळापासून कथकाचा मान राखण्याची जी रीत आहे ती सांगते की, सांगणाऱ्याचे नाव नोंदवावे. नाव न देणे म्हणजे स्त्रीची निर्मिती ‘लोक’ या अनामिक खात्यात जमा करणे होय, आणि लोकसाहित्याच्या जुन्या संग्रहांनी हेच केले. जात्यावरच्या ओव्यांचे जे मोठे संकलन गी पॉइतवाँ व हेमा राईरकर यांनी पुण्यातून उभे केले, त्यातील ओव्यांची संख्या एक लाखावर आहे, त्याचा विशेष हा की, ओवी म्हणणाऱ्या बाईचे नाव व गाव तेथे ओवीबरोबर येते. तो न्याय आहे. परंतु ओवी दळताना, अंधारात, जात्याच्या घरघरीच्या आडोशाने म्हटली जाते, आणि तिच्यात सासू असते, सवत असते, न विचारणारा भाऊ असतो. नाव व गाव छापले की त्या सासूचे आणि त्या भावाचेही नाव गाव छापले जाते. कर्तृत्वाचा मान आणि घरच्यांची अब्रू यांची येथे थेट गाठ पडते, आणि दोन्ही एकदम राखणारी नोंदीची पद्धत मराठी अभ्यासक्षेत्रात अद्याप रूढ झालेली नाही. तोवर प्रत्येक ओवीगणिक त्या बाईलाच विचारावे लागेल, आणि तिने आज दिलेला होकार तिच्या सुनेच्या हाती पुस्तक पडेल त्या दिवशीही टिकेल काय, हेही तिलाच विचारावे लागेल.